ऐकणारी काठी, बोलणारी काठी

मंडळी, मनोरच्या नाक्यावर किंवा चिल्हार फाट्यावर अर्धा तास उभं राहून पाहा. शे-दोनशे ट्रक आणि ट्रेलर सहज डोळ्यांसमोरून जातील. तारापूर एमआयडीसीतून रसायनांची पिंपं घेऊन निघालेले, गुजरातकडून कापडाचे तागे घेऊन आलेले, न्हावा शेव्याच्या बंदराकडे कंटेनर ओढत चाललेले. त्यांच्यावर काय काय असतं! लिंबू-मिरची असते, काळा गोंडा असतो, मागे लोंबणारी जुनी चप्पल असते, देवांची नावं असतात आणि 'हॉर्न ओके प्लीज' तर असतंच. एक गोष्ट मात्र सापडत नाही. ड्रायव्हरला दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलता येईल अशी बिनतारी संचाची काठी, म्हणजे अँटेना, एकाही ट्रकवर नसते.

माझं तिकडे लक्ष गेलं ते अमेरिकेतल्या भाच्यामुळे. तो मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेबाचं काम पाहतो. मध्यंतरी त्याने एका भल्यामोठ्या ट्रेलरसमोर उभं राहून काढलेला फोटो पाठवला. दोन्ही बाजूंच्या आरशांजवळ दोन उंच काठ्या, अगदी नांगी उगारलेल्या कोळंबीच्या मिशांसारख्या. "या कसल्या रे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मावशी, सीबी रेडिओच्या. ड्रायव्हर एकमेकांशी बोलतात." मी इतिहासाची शिक्षिका. 'हे तिकडे आहे आणि इकडे नाही' असं दिसलं की 'का नाही?' हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. त्या प्रश्नामागे जाताना भौतिकशास्त्रापासून सातपाटीच्या बोटींपर्यंत बरंच फिरणं झालं. ते सगळं इथे मांडते.

आधी ही काठी म्हणजे काय, ते समजून घेऊ. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर फळ्यावर एकच सूत्र लिहायचे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. अमेरिकेतला सीबी रेडिओ २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ३०० भागिले २७, म्हणजे लहर साधारण ११ मीटरची. गाडीवर उभी करायची काठी या लहरीच्या पाव लांबीची असली तर उत्तम, म्हणजे पावणेतीन मीटर, जवळजवळ नऊ फूट. उरलेली अर्धी बाजू गाडीचा लोखंडी पत्रा भरून काढतो. पाण्यात काठीचं प्रतिबिंब दिसावं तसं त्या पत्र्यात काठीचं विद्युत-प्रतिबिंब तयार होतं. मार्कोनीने गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस एक टोक जमिनीत आणि एक टोक हवेत असा जो प्रयोग केला, त्याचंच हे चाकांवरचं रूप.

आता अडचण बघा. तिकडचे ट्रेलर साडेतेरा फूट उंच. त्यांच्या टपावर नऊ फुटांची काठी उभी केली तर पहिल्याच पुलाखाली तिचा निकाल लागेल. म्हणून काठी आखूड करायची आणि कमी पडलेली लांबी तारेच्या गुंडाळीने भरून काढायची. चार-पाच फुटांच्या फायबरच्या दांड्यावर वरच्या टोकाशी दाट वेटोळी घातलेली तार असते. लहरीला ती काठी नऊ फुटांची 'वाटते'. पण फसवणुकीची किंमत मोजावी लागतेच. काठी जितकी आखूड, तितकी थोडी शक्ती गुंडाळीतच उष्णता होऊन जाते आणि तितकी ती एकाच ठिकाणी अडून बसते, शेजारच्या चॅनेलवर तिचा सूर बिघडतो. म्हणून जाणते ड्रायव्हर काय करतात? पुलाखालून जाईल तेवढी लांब काठी निवडतात आणि तिचा जास्तीत जास्त भाग टपाच्या वर राहील अशी बसवतात. मागच्या कंटेनरचा पत्रा म्हणजे भिंतच. काठीचा जो भाग त्या भिंतीआड जाईल, त्याचं मागच्या दिशेचं बोलणं तिथेच अडतं.

आरशांपाशी दोन काठ्या का, याचंही उत्तर यातच आहे. एकच काठी डाव्या आरशाला लावली तर उजवीकडची बाजू ट्रकच्याच अंगाआड जाते. दोन काठ्या एकाच संचाला जोडल्या की त्या जोडीने काम करतात आणि रस्त्याच्या पुढे-मागे आवाज जास्त पोचतो. त्यांच्या केबलही वेगळ्या लागतात. एका काठीला ५० ओमची केबल चालते, जोडीसाठी ७५ ओमच्या दोन सारख्या लांबीच्या केबल घेतात, म्हणजे दोन्हींचं गणित मिळून संचाला पुन्हा ५० च्या आसपासच दिसतं. ट्रकची केबिन फायबरची असेल तर आणखी एक पेच. पत्राच नाही, मग प्रतिबिंब कुठे पडणार? मग काठीचं बूड जाड पट्टीने चासीला जोडावं लागतं, नाहीतर पत्र्याची गरज नसलेली वेगळी काठी घ्यावी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, काठी सुरात लावणं. सातपाटीला धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर उभं राहून लाटा पाहिल्यात ना? दगडी बांधावर आपटलेली लाट उलटी फिरते आणि येणाऱ्या लाटेशी झगडते. केळव्याच्या उतरत्या रेतीवर आलेली लाट मात्र पसरत पसरत विरून जाते. संचाने पाठवलेल्या शक्तीचं तसंच आहे. काठी मापात असेल तर शक्ती हवेत विरते. मापात नसेल तर उलटी संचाकडे येते. किती उलटी येते ते मोजणारं छोटं मीटर मिळतं, त्याला एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात. काटा १.५ वर असेल तर शंभरातले ४ भाग परत येतात, २ वर ११ आणि ३ वर चक्क २५. तीनच्या पुढे बोलत राहिलं तर संचाचंच नुकसान होण्याची भीती.

हे माप मोकळ्या जागी, गाडीचे दरवाजे लावून घ्यायचं. आधी चॅनेल एकवर, मग चॅनेल चाळीसवर. चाळीसवर काटा जास्त चढला तर काठी लांब आहे, थोडी कमी करायची. एकवर जास्त चढला तर काठी आखूड आहे, वाढवायची. दोन काठ्या असतील तर दोन्ही सारख्याच. आणि कमी करायची ती नखभर नखभर, कारण कापलेलं परत चिकटत नाही. आमच्याकडे तबला लावणारा जसा हातोडीने एकेक घर ठोकत फिरतो, तसलंच हे चिकाटीचं काम.

आता मुद्द्यावर येते. वर सांगितलेला सगळा खटाटोप *बोलणाऱ्या* काठीसाठी आहे. *ऐकणाऱ्या* काठीला तो फारसा लागत नाही.

आपल्या सगळ्यांचं बालपण ऐकणाऱ्या काठ्यांत गेलं. मुंबईत रीतसर रेडिओ केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ ला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. पुढे १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. मी लहान असताना आमच्या आळीत दोनच घरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते. त्या घरांच्या कौलांवरून मागच्या माडापर्यंत तांब्याची तार ताणलेली असे. ती 'एरियल'. तिची लांबी कुणी मोजली होती? जेवढं अंगण, तेवढी तार. मुंबई 'ब' केंद्र अनेक वर्षं ५५८ किलोहर्ट्झवर लागायचं, म्हणजे लहर जवळजवळ ५३७ मीटरची. तिची पाव लांबी म्हणजे १३४ मीटर. इतकी तार ताणायची तर ती आळी ओलांडून तळ्यापलीकडे गेली असती! पण ऐकायला तिची गरजच नव्हती. केंद्राचा आवाज इतका दणदणीत की पाव-अर्धा टक्का पकडला तरी घरात बातम्या लागायच्या. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि एरियल डब्याच्या आत गेली, फेराइटच्या काळ्या कांडीवर गुंडाळून. आवाज खरखरला की आम्ही ट्रान्झिस्टरच फिरवायचो. त्या कांडीला दिशा कळते, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू पालघर-बोईसरच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे उभे राहिले. जपानच्या यागी आणि उदा या दोन प्राध्यापकांनी १९२६ च्या सुमारास शोधलेली ही रचना. मुंबई इथून दक्षिणेला नव्वदएक किलोमीटर, त्यामुळे खांब उंच, वर बूस्टर, आणि तरी पडद्यावर 'मुंग्या'. वारा सुटला किंवा कावळ्यांची सभा भरली की दिशा फिरलीच. मग आमचे हे गच्चीवर, मुलगा जिन्यात आणि मी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही!" "आता?" "होतं, गेलं!" महाराष्ट्रातलं असं एक घर दाखवा जिथे हा संवाद झाला नाही. तेही सूर लावणंच, पण दिशेचं. लांबी कारखान्यात ठरलेली. आपण फक्त तोंड फिरवून द्यायचं.

थोडक्यात, पन्नास-साठ वर्षं आपण काठ्या उभ्या केल्या त्या ऐकायला. बोलायला नाही. याचं कारण विज्ञानात नव्हतं, कायद्यात होतं.

१८८५ चा भारतीय तार अधिनियम इंग्रजांनी केला. १८५७ च्या उठावात तारायंत्राचं मोल त्यांना पुरतं कळलं होतं. संदेशवहनावर सरकारची मक्तेदारी, हे त्या कायद्याचं सूत्र. रेडिओ आल्यावर १९३३ साली बिनतारी तारायंत्राचा वेगळा कायदा झाला. परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसतं जवळ बाळगणंही त्याने गुन्हा ठरवलं. म्हणून तर ऐकायच्या रेडिओलाही लायसन्स होतं! पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकिटं लावून शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात हे लायसन्स गेलं, तोवर ते चाललं. ज्या देशात ऐकायला परवाना लागत होता, तिथे बोलायला काय लागत असेल याची कल्पना करा. पोलीस, सैन्य, रेल्वे, जहाजं आणि परीक्षा देऊन परवाना मिळवलेले थोडे हौशी 'हॅम' लोक, एवढ्यांनाच ती मुभा. गावात पोलिसांची जीप आली की तिच्यावरची लवलवती लांब काठी आम्हा मुलांना आधी दिसायची. बोलणारी काठी म्हणजे सरकार, हे समीकरण डोक्यात पक्कं.

ही मक्तेदारी एकदा धैर्याने मोडली गेली, आणि तीही आपल्या मुंबईत. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही माहीत असतं. त्यानंतर तेराच दिवसांनी, २७ ऑगस्टला, मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' हवेत आला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. ४२.३४ मीटरच्या लहरीवर त्यांचं केंद्र बोलत होतं. आता तुम्हीच भागाकार करा. पाव लांबी म्हणजे साडेदहा मीटर, अर्धी म्हणजे एकवीस. एवढ्या मापाची तार मुंबईच्या दाट वस्तीत कुणाच्या नजरेत न येता लावायची, आणि पोलीस मागावर असल्यामुळे ठिकाणं बदलत राहायची! १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला, केंद्र बंद पडलं आणि उषाबेनना तुरुंगवास झाला. वर्गात हा धडा शिकवताना मुलांना मी नेहमी सांगायचे की भाषण लिहिणं एक वेळ सोपं, ते हवेत पाठवणारी तार लपवणं कठीण. स्वातंत्र्य मिळालं, पण ज्या कायद्यांखाली हे खटले चालण्यासारखे होते, ते कायदे तसेच राहिले. २०२३ चा दूरसंचार कायदा आला तेव्हा कुठे १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची सद्दी संपायला लागली.

तिकडे अमेरिकेत १९५८ साली सामान्य नागरिकांसाठी २७ मेगाहर्ट्झवर २३ चॅनेल मोकळे केले गेले. परवाना होता, पण परीक्षा नव्हती. अर्ज आणि फी, बस्स. सुरुवातीला शेतकरी, छोटे दुकानदार, गॅरेजवाले तो वापरत. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं, डिझेल महागलं, आणि १९७४ च्या जानेवारीत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. मैलांवर पोट असणारे ट्रकवाले चिडले. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी महामार्ग अडवले तेव्हा एकमेकांना निरोप गेले ते याच संचावरून. कुठे डिझेल आहे, कुठे पोलीस लपलेत, कुठे अपघात झालाय, सगळं चॅनेल १९ वर. संकटासाठी चॅनेल ९ राखीव. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल चाळीस झाले आणि १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. शक्ती किती, तर चार वॉट. घरातल्या रात्रीच्या छोट्या दिव्याएवढी. तेवढ्यावर पाच-दहा किलोमीटरचं बोलणं होतं. म्हणूनच काठीची निवड आणि तिचा सूर यांना तिकडे इतकं महत्त्व. चारच वॉट हाती असताना एक वॉटही उलटा परत यायला परवडत नाही.

गंमत म्हणजे त्याच काळात आपल्या तारापूरला अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेलं अणुऊर्जा केंद्र सुरू झालेलं होतं, १९६९ सालीच. अणू फोडणारी यंत्रं आपल्या किनाऱ्याला लागली, पण त्यांच्या पेट्या वाहून आणणाऱ्या ड्रायव्हरला चार वॉटचा संच बाळगायची मुभा नव्हती. अणू आला, आवाज नाही आला.

मग आपले ड्रायव्हर गप्प बसले का? छे! त्यांनी दिव्यांची आणि हातांची भाषा तयार केली. समोरून येणाऱ्याने दोनदा डिप्पर मारला की पुढे आरटीओ किंवा पोलीस आहे. पुढच्याने उजवा दिवा लुकलुकवला की कधी 'जा पुढे' तर कधी 'थांब', ते प्रसंगाने समजून घ्यायचं. रस्त्यात झाडाची फांदी टाकलेली दिसली की पुढे बंद गाडी उभी आहे. बाकी बातम्या ढाब्यावरच्या खाटेवर. चारोटी ते तलासरी या पट्ट्यात असे ढाबे म्हणजे चॅनेल १९ च होते म्हणा ना. पण दिव्याची भाषा दिसेल तेवढीच पोचते. पावसाळ्यात घाटात, धुक्यात, वळणाआड ती मुकी होते. माझ्या नोकरीच्या काळात या महामार्गावरच्या साखळी अपघातांच्या बातम्या वाचताना, मागून येणाऱ्याला कुणी दोन मिनिटं आधी सांगितलं असतं तर, असं नेहमी वाटायचं.

२००५ साली आपल्या सरकारनेही २७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा, पाच वॉटपर्यंत, परवान्याच्या अटीतून मोकळा केला. पण तोवर प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात मोबाईल येऊ लागला होता. सत्तेचाळीस वर्षं उशिरा उघडलेल्या दारातून कोण आत जाणार? शिवाय मोबाईल एका ओळखीच्या माणसाशी जोडतो. मागे दोन किलोमीटरवर असलेल्या अनोळखी ट्रकवाल्याचा नंबर कुणाकडे असतो? सीबीचं वेगळेपण तेच. जो ऐकण्याच्या टप्प्यात आहे, तो आपला.

महामार्गावर जे झालं नाही, ते आपल्याकडे समुद्रात झालं, आणि मला यातला हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. सातपाटी, मुरबे, दांडी, डहाणू, झाई, या सगळ्या बंदरांतल्या बोटी पापलेट, घोळ, दाढ्यासाठी किनारा दिसेनासा होईल इतक्या लांब जातात. एके काळी त्यांच्याजवळ असायचा तो फक्त ट्रान्झिस्टर. आकाशवाणीवरून वादळाचा इशारा ऐकू यायचा. पण ऐकणाऱ्या काठीचं दुःख काय, ते इथे कळतं. बोटीचं इंजिन बंद पडलंय, पाणी शिरतंय, खलाशाला लागलंय, हे किनाऱ्याला सांगायला तोंड नाही. माझ्या वर्गात किनाऱ्यावरची मुलं असायची. वादळाची बातमी आली की दुसऱ्या दिवशी काही बाकं रिकामी. मुलं आईबरोबर किनाऱ्यावर जाऊन बसलेली असायची. हजेरीपटावर मी त्या दिवशी गैरहजेरी मांडत नसे.

हळूहळू बोटींवर व्हीएचएफ वायरलेस आले. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून समुद्रमार्गे आले, त्यानंतर तर बोटींची नोंदणी, ओळखपत्रं, रंग, संदेशवहन, सगळ्याकडेच सरकारचं लक्ष गेलं. पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २००९ ला, फयान वादळाने कोकणच्या मच्छीमारांना तडाखा दिला आणि समुद्रात गेलेल्या माणसापर्यंत पोचण्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

बोटीवरची काठी आणि ट्रकवरची काठी यांची तुलना मला फार उद्बोधक वाटली. समुद्रातला संकटाचा चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. भागाकार करा. लहर १.९१ मीटर, पाव लांबी अवघी ४८ सेंटिमीटर. म्हणजे आखूड करायचा आणि गुंडाळीचा त्रास नाही. पण बोट लाकडाची किंवा फायबरची, पत्रा नाही. म्हणून इथे पत्र्याशिवाय चालणारी अर्ध्या लहरीची, सुमारे मीटरभराची काठी बरी. ट्रकवाल्याला उंचीची भीती, तर तांडेलाला उंचीचीच गरज. व्हीएचएफ लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. काठीच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून चार पूर्णांक एक दशांशने गुणलं की तिचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. चार मीटरवर आठ किलोमीटर, नऊ मीटरवर बारा. समोरच्या बोटीचीही काठी नऊ मीटरवर असेल तर दोन्ही मिळून चोवीस-पंचवीस. किनाऱ्यावरचा मनोरा शंभर मीटरचा असेल तर त्याचे एकेचाळीस आणि आपले बारा, त्रेपन्न. म्हणून वायरलेसची काठी कुठेतरी केबिनच्या कठड्याला न बांधता डोलकाठीच्या शेंड्याला हवी.

आणखी एक. दुकानात 'जास्त ताकदीची' म्हणून लांबलचक काठी दाखवतात. ती शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच चपटी करून क्षितिजाकडे लोटते. शांत पाण्यात उत्तम. पण बोट डोलायला लागली की तो चपटा पट्टा एकदा आभाळात आणि एकदा पाण्यात जातो. नेमक्या वादळात, जेव्हा गरज असते तेव्हाच. म्हणून लहान बोटीला मध्यम काठीच योग्य. आणि खाऱ्या हवेने जोडातलं तांबं हिरवं पडलं की कितीही चांगली काठी निकामी. जोड नीट बंद करणं आणि दर हंगामाआधी मीटर लावून पाहणं, एवढी शिस्त लागते. ट्रकवाल्याचा काटा चुकला तर गप्पा तुटतात. तांडेलाचा चुकला तर किनाऱ्यावर बाकं रिकामी होतात.

नजरेच्या रेषेपलीकडे काय? त्यासाठी इस्रोने संकटसंदेशाचं छोटं यंत्र केलं, ते २०१० पासून वापरात आलं. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बोटीची जागा तटरक्षक दलाला कळते. पण त्यातही एक उणीव होती. बटण दाबणाऱ्याला कळायचं नाही की निरोप पोचला की नाही. पूर्वी बोटीला कान होते, तोंड नव्हतं. आता तोंड आलं, पण उत्तर ऐकायला कान नाहीत! २०२४ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ही उणीव भरली गेली. निरोप मिळाल्याची पोच बोटीवर येते. आणि ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख मच्छीमार बोटींवर दुतर्फा संदेशाचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ज्याला इथल्या अनेक मच्छीमारांचा विरोध आहे. ज्यांना तोंड देण्याची योजना, त्यांचंच म्हणणं त्या दिवशी मांडवाबाहेर होतं, हेही इतिहासाने नोंदवून ठेवायला हवं.

आपल्या डहाणू-तलासरीचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. त्यातले काही सागरी सरहद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून आलेत. सरहद्द जवळ आली, असं वेळेवर कानात सांगणारं आणि 'आम्ही इथे आहोत' असं वेळेवर बोलणारं यंत्र म्हणजे त्या घरांसाठी काय, ते वेगळं सांगायला नको.

असो. लेख लांबला. नातेवाईक मंडळींना एक विनंती. माळ्यावरच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं जुनं पुस्तक, तिकिटं लावलेलं, कुणाकडे सापडलं तर रद्दीत घालू नका, मला कळवा. आणि सातपाटी-मुरब्याचे माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांना बाईंचा एवढाच गृहपाठ. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात लोटण्याआधी डोलकाठीवर चढा, जोड उघडून पाहा, मीटर लावा. काटा दीडच्या खाली आला की मगच नारळ सोडा.